फाटकातून न निघालेला रणगाडा

"सिनेमावाल्यांना चहा पाज आन् वाटेला लाव. बाळूला त्यांच्या नादाला लावू नगंस. त्यो मग तितनं उठायचा न्हाय," असं आक्का मला म्हणाल्या होत्या. आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. मी हसून पातेल्यात साखर टाकली. सासूबाई गेल्यापासून मामा कुणाशी धड बोलत नव्हते. दारात माणसं येताहेत, यातच मला बरं वाटत होतं.

मामा म्हणजे माझे सासरे बाळासो. गडमुडशिंगीत उसाच्या ट्रॉल्या बनवतात. सम्राट नावाचा दिग्दर्शक त्यांच्याकडे पत्र्याचा रणगाडा करून घ्यायला आला. सिनेमा विनोदी होता. लष्कराला रणगाडा घ्यायचा असतो, दर बैठकीत कुठलातरी साहेब एक नवी मागणी जोडतो, आणि शेवटी तो एवढा फुगतो की कारखान्याबाहेरच पडत नाही. गोष्ट सांगताना सम्राटलाच हसू आवरत नव्हतं. मामांनाही त्यात काम होतं. झाकण उघडून डोकं बाहेर काढायचं आणि म्हणायचं, "साहेब, निघू का?" एवढंच. ते वाक्य मामा जेवतानाही म्हणून बघायचे.

रणगाडा झाला. मग कॅमेरावाला आला, आत कॅमेरा बसत नाही म्हणाला. मामांनी रुंद केला. कपडे बघणाऱ्या अनुजाताई म्हणाल्या, जनरल झालेल्या नटाचं पोट झाकणात अडकतंय. झाकण वाढलं, म्हणून तोफेचा वरचा डबाही वाढला. मग मुंबईहून निर्मात्याचा मेहुणा आला. त्याला तोफ आखूड वाटली.

"पावणं, तोफ पायजे का पंचगंगंवर टाकायला पूल?" मामांनी विचारलं.

"करा हो काका, पडद्यावर भारी दिसतं."

"तुमच्यातलं अजून कोण यायचं ऱ्हायलंय? एकदमच बलवा की सगळ्यास्नी."

न्यायच्या दिवशी रणगाडा फाटकातून निघाला नाही. सम्राट पोट धरून हसला. "काका, आमच्या गोष्टीत हेच तर हाय." मामा हसले नाहीत. "भिंत पाडतो. माझीच हाय," म्हणाले. पण भिंतीच्या खर्चाला मुंबईच्या ऑफिसची मंजुरी लागत होती, तोवर हात लावू नका असं सांगून मंडळी गेली. मंजुरी आलीच नाही. पुढे कळलं की तो प्रसंग त्यांनी कॉम्प्युटरवर उरकला, आणि मामांचं वाक्य दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं.

हे मामांना मीच सांगितलं. "व्हय," म्हणाले, आणि रणगाड्यात जाऊन बसले.

आता रोज दुपारी तिथंच बसतात. ट्रॉल्यांचं काम बंद आहे. शेडमध्ये जागा नाही, आणि रणगाडा कापू म्हटलं की उठून जातात. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा पत्रा तव्यासारखा तापला होता. हातात जेवणाचा डबा होता. मी झाकण वाजवलं.

"मामा, बाहेर या. चक्कर येईल. बीपीची गोळी घेतली का?"

"मंजुरी आली का?" आतून आवाज.

"नाही."

"मग डबा तितंच ठेव."

मी रोज गेले असते. पण आम्ही राहतो शहरात, मंगळवार पेठेतल्या खोल्यांत, आणि माझ्या लेकीला, मोनाला, कांजिण्या आल्यात, तिला टाकून जाता येत नाही आणि नेताही येत नाही. मामांना त्या कधी आलेल्या नाहीत. नवरा कामावर चाकणला, आक्का लेकीकडे नृसिंहवाडीला. फोन लावावा तर पत्र्याच्या आत रेंज कुठली. एरवी संध्याकाळी बाहेर आले की ते उलटा फोन करतात. काल केला नाही. आजही अजून नाही.

तुम्ही मुडशिंगीवरून जाणार असाल तर फाटकातून आत जा. झाकण वाजवा. सिनेमाचं नाव काढू नका, मोनाच्या आईनं पाठवलंय म्हणा. आतून "साहेब, निघू का?" असं आलं, तर "निघा की" म्हणा आणि हाताला धरून सावलीत बसवा. काहीच आवाज आला नाही, तर झाकण उचलायची कडी बाहेरून आहे, डाव्या हाताला. जरा जड जाते. तेवढं उघडून बघा.