दुसऱ्या हाताची गाठ

मॅरेनचा हात डोळ्यापाशी पोचायच्या आत आर्लोने तिचं मनगट धरलं.

"चोळू नकोस."

"केस मागे घेत होते, आजोबा. तुमच्यासमोर नाकसुद्धा खाजवायची चोरी झालीय."

त्याने मनगट सोडलं, पण नजर तिच्या हातावरच ठेवली. बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार तिला त्याच्याकडूनच आला होता, आणि डोळे चोळले की तो बळावतो. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत थेंब घालून वर जांभळट प्रकाश सोडला होता, बुबुळ घट्ट व्हावं म्हणून. ते टिकलं की नाही, हे आज कळणार होतं. ती सतरा वर्षांची होती. तपासणीसाठी त्याला आठवडाभर लेन्स काढून ठेवायला लागल्या होत्या, म्हणून डुलुथ शहरातल्या या दवाखान्यापर्यंत बर्फातून गाडी तिनेच चालवली होती.

डॉक्टर ट्रान बाईंनी पडद्यावर रंगीत नकाशे लावले. आर्लोला नुसते डाग दिसले.

"मॅरेन, तुझं बुबुळ जसंच्या तसं आहे. आजार थांबलाय."

आर्लोने टोपी गुडघ्यावर ठेवली. ती खाली पडली.

"तुमचं मात्र वर्षभरात वाढलंय," बाई त्याला म्हणाल्या. "सत्तरीत हे सहसा थांबलेलं असतं. डोळे चोळता का?"

"छे."

"झोपेत?"

"झोपेतलं मला काय कळणार?"

मॅरेनने वाकून टोपी उचलली. झोपेत त्याने डोळे चोळू नयेत म्हणून आजी रोज रात्री त्याच्या हातांत, आधी डाव्या मग उजव्या, लोकरीचे मोजे चढवून मनगटाशी नाडी बांधायची, हे तिला ठाऊक होतं. मार्चमध्ये आजी, त्याची व्हर्ना, गेली. आठवड्याने त्याने ते मोजे मॅरेनला आणून दिले होते, 'तुलाच लागतील' म्हणत.

गाडीत बसल्यावर तिने ते कोटाच्या खिशातून काढले.

"मला कशाला दिलेत हे?"

"एक हात बांधता येतो," तो काचेबाहेर बघत म्हणाला. "मग दुसऱ्याची नाडी कोण बांधणार?"

तिने इंजिन चालू केलं, पण गाडी हलवली नाही.

"घरापर्यंत दोन तास आहेत. क्लोके गाव यायच्या आत तुम्ही घोरायला लागाल. आणा हात."

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत."

तिने त्याचा उजवा हात धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला.

"डावा आधी," तो म्हणाला, आणि डावा पुढे केला.