सातव्या वाणाची मुळी

उसाच्या संशोधन केंद्रात मजूर तिला ‘खोदकामवाल्या बाई’ म्हणत. जमिनीत राहून मुळं खाणाऱ्या मुंग्यांपुढे उसाचा कोणता वाण तग धरतो, हे ती तपासत होती. एकेक बेट खणून काढायचं, धुवायचं, मुळ्या मोजायच्या. बारा वाणांतला चौथा तिच्या बाबांचा. एकोणीस वर्षं खपून त्यांनी तो तयार केला होता. आता नजर गेलेली, अंथरूण धरलेलं. डोकं मात्र लख्ख, आणि बाराही वाणांच्या मुळ्या बोटांना पाठ.

त्या सकाळी चौथ्या वाणाचं बेट नुसता हात लावताच उचलून आलं. बुडखा आतून पोखरलेला, मुंग्यांनी अंड्यांसकट बिऱ्हाड थाटलेलं. तिनं दुसरं काढलं, तिसरं काढलं. त्या वाणाची दहाही बेटं तशीच. ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं तो सातवा मात्र, कुरतडलेल्या मुळीच्या वर नवी मुळी फोडून उभा होता.

घरी येताच बाबांनी विचारलं, “काय म्हणतंय माझं लेकरू?”

“झकास आहे, बाबा.”

“मग मुळी दे बघू हातात.”

तिनं पिशवीतून सातव्याची मुळी काढून दिली. बाबा बराच वेळ मुळीवरून बोटं फिरवत राहिले.

“ही माझ्या वाणाची नाही गं. हा सातवा. वरून नवी फुटलीय. किती बेटांत?”

“नऊ.”

“आणि माझ्या?”

“एकाही नाही, बाबा.”

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

“तुझं सगळं लहानपण मी त्याच्यामागे घालवलं.”

“मी आणि आईनं कधी तक्रार केली का?”

“केली असती तर बरं झालं असतं.” मग घसा खाकरून ते म्हणाले, “अहवाल खरा लिही. सातव्याची शिफारस कर.”

तिनं तसाच लिहिला. अहवाल मंजूर झाल्याचं ऐकायला बाबा राहिले नाहीत, त्याच्या आठवडाभर आधीच गेले.

चौथ्याचा वाफा नांगरायच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यानं हळूच विचारलं, “बाई, एखादं बेट ठेवू का आठवण म्हणून?”

“नको,” ती म्हणाली. “मुंग्या आहेत त्यात.”

ट्रॅक्टर सुरू झाला. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून ती बांधावर बसून मोठ्यानं रडली.