पुंजाराम कंडक्टरचे सवाल

“शार्दूलविक्रीडितात अक्षरं किती?”

“एकोणीस.”

“अन् मंदाक्रांतेत?”

“सतरा. बाबा, हे झालं इचारून.”

“होऊ दे. झपतालाच्या मात्रा सांग.”

“दहा,” जयवंता म्हणाली आणि तिनं डोकं आईच्या खांद्यावर टेकवलं. पुंजारामनं ते दोन्ही हातांनी उचलून पुन्हा सरळ केलं. सीटसमोर गुडघे टेकून तो गाडीच्या फळ्यांवरच बसला होता, गळ्यात तिकिटांची पेटी तशीच होती.

वरूडहून अमरावतीला निघालेली ही एसटी त्याच्या रोजच्या ड्यूटीची. आज मात्र त्यानं एकही तिकीट फाडलं नव्हतं. जयवंताला नाग चावून तास होत आला होता. तिची आई दुर्गाबाई संत्र्याच्या बागेत रोजानं पेट्या भरायला जाई. पोरगी तिची भाकर घेऊन गेली, आणि आली आहे तर चार पेट्या भरू लागावं म्हणून तिनं पेटीत अंथरायच्या गवताच्या ढिगात हात घातला. फडा तिथल्या सगळ्या बायांनी पाहिला. गावच्या डॉक्टरनं दंडाला पट्टी आवळली आणि लस अमरावतीलाच मिळेल, वेळ घालवू नका म्हणून सांगितलं. दोघातिघांनी मांत्रिकाचं नाव काढलं, तेव्हा पुंजाराम त्यांच्या अंगावर धावून गेला. पोरीला उचलून त्यानं गाडीत बसवलं आणि स्वतःच घंटी मारली.

साप चावलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोणी कडुनिंबाचा पाला चावायला देतात, कोणी थोबाडीत मारतात. पुंजारामजवळ सवाल होते.

हा माणूस चौथीपर्यंत शिकलेला. पण अमरावती-वरूड मार्गावर त्याला नावानं ओळखणारे थोडे आणि ‘सवालवाले कंडक्टर’ म्हणून ओळखणारे फार. उतारू सीटवर टाकून गेलेली वर्तमानपत्रं तो घरी नेई. त्यातलं सामान्यज्ञान, संगीत, सिनेमा, वाङ्मय, जे म्हणून प्रश्नोत्तराच्या रूपात बसेल ते वहीत उतरवून काढी. बारा वर्षांत सात वह्या भरल्या. तिकीट देता देता उतारूंना एखादा सवाल फुकट मिळायचा आणि उत्तर चुकलं तर मोर्शी येईपर्यंत त्या बिचाऱ्याची सुटका नसायची. ‘अंदाजे’ हा शब्द त्याला खपत नसे. घरी जयवंतानं शंभरातले नव्व्याण्णव बरोबर सांगितले तरी हा चुकलेल्या एकावरच बोट ठेवी. शाबास म्हटलं तर पोर शेफारेल, अशी त्याची भीती. त्याच पोरीचं नाव आता अकोल्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेत निघालं होतं. येत्या रविवारी स्पर्धा होती, आणि हे सांगून त्यानं सगळ्या डेपोला बेजार केलं होतं.

“तापीचा उगम?”

“मुलताई.”

“भारतात पहिला बोलपट कोन्त्या साली?”

“एकतीस... मले लय झोप येऊन राह्यली, बाबा.”

“झोपाचं नाई. डोये उघडे ठेव.”

डोळे उघडे ठेवणं आता तिच्या हातात राहिलं नव्हतं. पापण्या ओघळून यायच्या, आणि ती पाहण्यासाठी मान मागे टाकायची. ड्रायव्हर नत्थुजी आरशातून हे पाहत होता. त्यानं गाडी कुठंही थांबवली नाही. फाट्याफाट्यावर लोक हात दाखवत होते, ते धुळीत मागे पडत होते. आतल्यांचीही गावं मागे गेली. एका म्हातारीचा फाटा गेला, तिनं खिडकीतून तो नुसता जाताना पाहिला आणि पदर तोंडाला लावला. मोर्शी गेली. उतरायचं आहे असं कोणीही म्हणालं नाही.

दुर्गाबाई पोरीचा सुजलेला हात मांडीवर घेऊन होती. तिला या सवालांतलं काही कळत नसे. नवरा आणि पोरगी रोज संध्याकाळी एकमेकांशी भांडतात, एवढंच तिला त्यातलं कळे. आता ती पुंजारामच्या तोंडाकडे पाहत होती. तो घाबरला नाही तोवर आपणही घाबरायचं नाही, असं तिनं ठरवलं असावं.

“सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदात किती चित्रं सरकतात?”

“सोया.”

हे उत्तर ती झोपेतही चोवीस सांगायची. आज ती सोळा म्हणाली होती. त्यानं बायकोकडे पाहिलं.

“बरोबर,” तो म्हणाला.

जयवंतानं मान मागे टाकून मोठ्या कष्टानं एक डोळा उघडला.

“चूक हाये, बाबा. चोवीस. सोया मुक्या सिनेमाचे.” ती थांबली, तिनं श्वास घेतला. “तुमी चुकीले बरोबर म्हनलं. म्हंजे मी मरून राह्यली का?”

सात वह्यांच्या मालकानं तिच्या दंडाची पट्टी चाचपून पाहिली. कोणी उलटतपासणी घेतली तर काय सांगायचं, हे त्यानं कधी लिहून ठेवलंच नव्हतं. दुर्गाबाईनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि ती आवाज न करता रडू लागली.

“आता मी इचारते,” जयवंता म्हणाली. “भूप रागात वर्ज्य सूर कोन्ते?”

“मध्यम अन् निषाद.” तो घाईघाईनं म्हणाला. ती बोलते आहे एवढंच त्याला पुरे होतं.

“मंग तो कसा आयकू येते?”

“माईत नाई, माय.”

“सिनेमाचं थेटर आतून कसं असते?”

“माईत नाई.”

ती त्याला टोचून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. पण पुंजारामला ते असह्य झालं. सिनेमाची सालं, रागांचे सूर, वृत्तांची अक्षरं, सगळं त्यानं या पोरीच्या डोक्यात कोंबलं होतं. एक सिनेमा तिला दाखवला नव्हता. अमरावतीच्या थेटरांवरून रोज त्याची गाडी जायची आणि त्याला तिथं एकदाही उतरावंसं वाटलं नव्हतं. आपण पोरीला नुसती उत्तरं दिली, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्यानं मूठ सीटच्या लोखंडी दांडीवर हाणली.

मागच्या सीटवरून एक माणूस दांड्यांना धरत धरत पुढं आला. डोमाजी त्याचं नाव, लग्नाच्या बँडात वाजवायचा. पुंजारामच्या सवालांना आजवर त्यानं कधी एक उत्तर दिलं नव्हतं.

“मध्यम नाई अन् निषाद नाई, असंच ना?” त्यानं विचारलं. “मले त्याचं नाव नोतं माईत. पन वाजवतो मी.”

त्यानं पिशवीतून क्लॅरनेट काढलं, पाय फाकवून एका सीटला पाठ टेकली आणि सा लावला. गाडी खड्ड्यांतून उडत होती, सूर मध्येच तुटायचा, तो परत जोडून घ्यायचा. पाचच सूर. वर जाऊन खाली येत होते, आणि कुठं काही कमी आहे असं वाटत नव्हतं. पुंजारामनंही भूप आत्ताच पहिल्यांदा ऐकला. गाडीतली कुजबुज थांबली. नत्थुजी हॉर्न वाजवायचा विसरला.

“आयकू येते का?” पुंजारामनं विचारलं.

जयवंताचे डोळे मिटलेले होते. तिनं त्याच्या तळहातावर बोट दाबलं. मग बऱ्याच वेळानं, ओठ न हलवता, ती म्हणाली, “लय सोपा हाये, बाबा.”

अमरावती येईपर्यंत डोमाजी वाजवत राहिला, आणि पुंजाराम दर मिनिटाला तेच विचारत राहिला, आणि बोट दाबलं जात राहिलं.

दवाखान्यात दोन माणसांनी तिला उचलून आत नेलं. लस टोचली, एक नाही, तीन टोचल्या. डॉक्टर तरुण होता. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि तिचा श्वास स्वतःच्या हातांनी चालू ठेवला. तो थकला की कंपाउंडर, कंपाउंडर थकला की पुन्हा तो. तिला ऐकू येत असेल, बोलत राहा, असं त्यानं पुंजारामला सांगितलं. पुंजाराम बोलत राहिला. आता सवालही त्याचा आणि जवाबही त्याचाच होता. बोट दाबलं जायचं थांबलं तरी तो तिचा हात धरून होता. साडेचारच्या सुमारास डॉक्टरनं हात काढून घेतले आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

दुर्गाबाई पोरीजवळ बसली. पुंजारामला खिडकीवर बोलावलं, कागद करायचे होते. नत्थुजी त्याच्यासोबत गेला. आतल्या कारकुनानं मोठं रजिस्टर उघडलं आणि मान वर न करता विचारायला सुरुवात केली. नाव. वय. बापाचं नाव. गाव. पुंजाराम एकेक उत्तर नीट, पूर्ण देत गेला.

“धर्म?”

“बौद्ध.”

कारकुनानं ते लिहिलं आणि पुढचा रकाना न विचारताच भरला. चालत्या गाडीत उलट्या बाजूनं अक्षरं वाचायची पुंजारामला सवय होती. त्यानं वाचलं, ‘निरक्षर’.

“हे चूक हाये,” तो म्हणाला.

“काय?”

“शिक्षन. मॅट्रिक पास होती थे. याच साली झाली, सेकंड क्लासात.”

कारकुनानं आता वर पाहिलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. शाईनं लिहिलेलं खोडता येत नाही, आणि आता त्यानं काय फरक पडतो, असं त्यानं हळू आवाजात समजावलं. मागे चार माणसं खोळंबली होती. नत्थुजीनं पुंजारामच्या पाठीवर हात ठेवला आणि चल म्हणाला.

पुंजाराम हलला नाही. त्यानं आवाजही चढवला नाही. खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून तो उभा राहिला आणि मागचे लोक कुरकुर करू लागले तरी उभाच राहिला. शेवटी कारकुनानं सुस्कारा टाकला, त्या शब्दावर रेघ मारली, वर बारीक अक्षरात ‘मॅट्रिक पास’ लिहिलं आणि बाजूला सही केली.

पुंजाराम वाकला. नावापासून सुरुवात करून त्यानं ती सगळी ओळ बोटानं पुन्हा वाचून काढली.

“आता बरोबर हाये,” तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, “साहेब, तिले आता घरी कसं न्याचं?”