काकांच्या जागेवर नवा माणूस

मी एक जुना सोफा आहे. मित्रांनो, मला मागून बघू नका. पुढून माझ्यावर मखमल आहे, पण मागे नुसती फळी आणि खिळे, कारण कॅमेरा मागे जातच नाही. टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमासाठी स्टुडिओच्या सुताराने मला बनवले. दर भागात चार-पाच छोटी प्रहसने असत आणि शेवटच्या प्रहसनात माझ्यावर बसून एक नवरा-बायको भांडत. कॅमेरा बंद असतानाही सगळे त्यांना काका आणि काकूच म्हणत.

काकांच्या थांबण्याचे फार कौतुक होई. समोर बसलेले प्रेक्षक हसायचे, काका गप्प बसायचे, आणि हसू ओसरू लागले की नेमके पुढचे वाक्य टाकायचे. वर्तमानपत्रांतही त्यावर लिहून आले. मला मात्र त्यातले खरे ठाऊक होते. काकांचा एक कान कामातून गेला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. हसू कधी ओसरते ते त्यांना कळतच नसे. काकू उशीमागून हात घालून त्यांच्या पाठीवर बोट टेकवायच्या, मग ते बोलायचे. कानाचे कळले तर काम जाईल, म्हणून काकूंनी कुणालाही न सांगण्याचा शब्द दिला होता. आता काका काम सोडून घरी निवांत बसले आहेत, म्हणून मी बोलतो आहे.

पुढे काका दुसऱ्या वाहिनीवर गेले आणि जाताना आमच्या लेखकालाही घेऊन गेले. काकूंना ही बातमी मेकअप करणाऱ्या बाईंकडून कळली. इतकी वर्षे खांद्याला खांदा लावून बसलेला माणूस एका शब्दाने बोलला नाही, हे त्यांना फार लागले.

काकांच्या जागी एक सडपातळ नट आला. काकांच्या वजनाने माझ्यात पडलेल्या खड्ड्यात तो पार बुडाला, तेव्हा त्याच्याखाली फोम भरावा लागला. नवी लेखिकाही आली. निर्मात्याने तिला बजावले होते, "काही बदलायचं नाही. लोकांना फरक कळता कामा नये." तिने बिचारीने सगळे जुने भाग पाहिले आणि जिथे जिथे काका थांबायचे, तिथे तिथे 'थांबतो' असे लिहून टाकले. नवा नट इमानदारीने थांबू लागला. पण तो एकतर लोकांच्या हसण्यातच बोलून मोकळा व्हायचा, नाहीतर सगळे गार झाल्यावर. काकू शेजारी हात मांडीवर ठेवून बसायच्या. मला त्यांचा राग यायचा, खोटे कशाला बोलू?

असे काही भाग फसल्यावर निर्माता नव्या नटाला म्हणाला, "आणखी एक भाग बघू." याचा अर्थ सेटवरच्या पंख्यालाही कळला असेल.

जेवणाच्या सुट्टीत सेट रिकामा झाला तरी नवा नट माझ्यावरच बसून राहिला. लेखिका त्याच्याजवळ आली. काकू बाजूला कानातले काढत होत्या.

"मी लिहिलंय तिथेच थांबताय ना?" लेखिकेने विचारले.

"थांबतोय. पण घरी बायकोला म्हटलं, मला हसवणं जमतंय असं आता मलाच वाटत नाही."

काकूंचा हात कानातल्यावरच राहिला. "ते 'थांबतो' सगळीकडून खोडून टाक," त्या लेखिकेला म्हणाल्या. "काका आपणहून कधी थांबलेच नाहीत. मी सांगायचे, तेव्हा बोलायचे. का, ते विचारू नका." मग त्या नव्या नटाकडे वळल्या. "तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं. माझा राग दुसऱ्यावर होता."

"मग मलाही सांगत जा," तो म्हणाला. "मला खरंच कळत नाहीये."

त्या भागाच्या प्रहसनात नवरा टीव्हीसमोर झोपलेला असतो.

"झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो," तो म्हणाला.

"मग काय ऐकलंत?"

लोक हसू लागले. उशीमागून काकूंचा हात सरकला. हसू उतरू लागले तसे बोट टेकले.

"तुझं घोरणं."

मित्रांनो, त्या हसण्याने माझ्या स्प्रिंगा हलल्या. कितीतरी दिवसांनी असे हसू आले होते, आणि ते ऐकण्यात काकूच रंगून गेल्या. पुढचे वाक्य त्यांचे होते, पण त्या प्रेक्षकांकडेच बघत राहिल्या. हसू ओसरत चालले. तेव्हा नव्या नटाने हळूच हात मागे नेला आणि त्यांच्या पाठीवर बोट टेकवले.

"घोरत नव्हते," काकू म्हणाल्या, "तुम्हाला जागं करत होते."

त्यानंतर 'आणखी एक भाग बघू' असे त्याला कुणी म्हटले नाही.

आता काकूंनीही काम सोडले आहे. सेटवर नवा सोफा आला आणि माझी रवानगी बाहेरच्या व्हरांड्यात झाली. माझी मखमल विटली आहे. काम मागायला आलेली माणसे माझ्यावर ताटकळत बसतात. परवा काकूंच्या जागी निवडलेली मुलगी इथे एकटीच कागद घेऊन पुटपुटत होती. तो नट, जो आता चांगलाच जुना झाला आहे, आतून बाहेर आला आणि म्हणाला, "सरक जरा. वाच, मी ऐकतो."

मित्रांनो, माझी मखमल झटकलीत तर बरेच वाटेल, पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या वर्गात, खेळात किंवा घरात कुणाच्या जागी कुणी नवा आला, तर तो जुन्यासारखा आहे का, हे लांबून बघत बसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.