दोन बत्तीस, एक चौसष्ट

"बत्तीस आणि बत्तीस किती होतात, मॅडम?" भांडारपाल गोपाळकृष्णांनी विचारलं.

चारुशीलाला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण गोपाळकृष्ण सरकारी वेळेत थट्टा करत नसत. त्यांच्या हातात आदेश होता. रुग्णालयातले बत्तीस बिटचे दोन संगणक जमा करून घ्यावेत आणि त्यांच्या बदल्यात चौसष्ट बिटचा एक द्यावा. वरच्या ऑफिसातल्या तीन जणांनी बेरीज तपासून सह्या केल्या होत्या. बेरीज बिनचूक होती.

"भाऊसाहेब, ही काय मेथी आहे, दोन जुड्यांची एक करायला?"

"मग फरक काय, तो सांगा."

चारुशीला या रुग्णालयात एकोणीस वर्षं लोकांचे कान तपासत होती. फरक तिनं फोनवर, मेकॅनिकच्या पाया पडून शिकून घेतला होता. "बत्तीसवाला चार जीबीच्या पुढं मेमरी वापरू शकत नाही, चौसष्टवाला कितीतरी जास्त वापरतो. जुने प्रोग्रामही त्यावर बहुतेक चालतात. पण माझं कानाचं यंत्र ज्या ड्रायव्हरनं संगणकाशी बोलतं, तो बत्तीसचाच आहे. चौसष्टवर तो बसतच नाही. यंत्राची कंपनी बुडून आठ वर्षं झाली. नवा ड्रायव्हर कोण करून देणार?"

गोपाळकृष्णांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चौसष्टच होतात ना?" ते म्हणाले.

बाहेर बाकावर विठाबाई बसल्या होत्या. तेरच्या पुढच्या वस्तीवरनं दोन गाड्या बदलून आलेल्या. शेजारी नात शिवांजली, सात वर्षांची, बाकाच्या खिळ्यावर नख फिरवत होती.

"बाई, मशीन चालू झाली व्हय?"

"अजून नाही, आजी."

"तिसरा हेलपाटा हाय माजा. उद्या धाराशिवला अपंगाच्या दाखल्याचं बोर्ड बसतंय. कागद न्हाय तर बहिऱ्यांची साळा घेत न्हाय म्हनत्यात. मागल्या साली लाइट नव्हती, औंदा तुमचं हे. पोरीला अजून आजी म्हनाया येईना, बाई. हात वडून बोलावती मला."

चारुशीला अधीक्षकांच्या केबिनमध्ये गेली. साहेब चहा पीत होते.

"एवढंच ना? अंदाजानं भरा. नव्वद डेसिबल टाका. पोरगी बहिरी आहे, ते तर दिसतंच आहे."

"साहेब, त्या आकड्यावर श्रवणयंत्र लावतात. आकडा जास्त पडला तर कानात जे काही उरलंय, तेही जाईल. तुम्ही बीपी अंदाजानं लिहिता का?"

साहेबांनी कप बशीत ठेवला. मागच्या शिबिरात त्यांनी तेच केलं होतं.

"सही तुमची लागते, माझी नाही," शेवटी ते म्हणाले. "करा किंवा करू नका. पण आवाज खाली."

चारुशीलाची कानशिलं तापली. एकोणीस वर्षांत तिला हजार वेळा आवाज खाली करायला सांगितलं होतं, आणि दर वेळी तिनं तो केलाही होता. ती तडक भांडारात गेली. दोन्ही जुने संगणक सुतळीनं बांधून कोपऱ्यात ठेवले होते. वर चिठ्ठी होती: निर्लेखित.

"एक दिवस द्या, भाऊसाहेब."

"देता येत नाही. द्यायचं तर वस्तू रजिस्टरात लागते. ही काल निर्लेखित झाली. कागदावर ती नाहीच."

"नाहीच?"

"नाहीच."

"मग मी आता जे उचलतेय, ते काय आहे?"

गोपाळकृष्णांनी रजिस्टर उघडलं. पान उलटलं, बोट फिरवलं, पुन्हा मागं आले. तीस वर्षांच्या नोकरीत ते रजिस्टराशी कधी खोटं बोलले नव्हते.

"काही नाही," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तिनं त्यातला एक डबा घागरीसारखा कमरेवर घेतला आणि सगळ्या ओपीडीसमोरून नेला. सुतळी दातानं तोडली. संगणक पंख्यासारखा घरघरला आणि चालू झाला. काचेच्या खोलीत शिवांजलीला बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि खुणेनं सांगितलं: आवाज आला की दाब.

चाळीस. काही नाही. पन्नास. साठ. विठाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. सत्तर. पोरगी बटणाकडं बघत बसली होती.

दार धाडकन उघडलं.

"जमा केलेला डबा कुणी उचलला?" साहेब ओरडले. "मेमो काढीन! मी तुमच्याशी बोलतोय. ऐकू येतंय का, मॅडम?"

काचेपलीकडं शिवांजलीनं मान वर केली नाही. अलीकडं चारुशीलानंही वळून पाहिलं नाही. तिनं आवाज पाचानं वाढवला.

पडद्यावर हिरवा दिवा लागला. पोरीनं बटण असं दाबून धरलं होतं की नख पांढरं पडलं होतं.

नव्वद नव्हे. पंचाहत्तर.

साहेब अजून बोलतच होते. चारुशीलानं उजव्या कानाचा लाल ठिपका आलेखावर टाकला, बसल्या जागेवरनं पाय मागं नेऊन दार लोटलं, आणि डावा कान सुरू केला.