ठिगळाचा कोट

या, असे जवळ या. पाय मोकळे सोडून बसा, पाठ टेकायला भिंत आहे. आज सांगणार आहे ती गोष्ट एका कोटाची, आणि तो कोट जुना करणाऱ्या बाईची. देवाचं नाव घेऊन सुरुवात केली की शेवट गोड होतो, असा माझा आजवरचा अनुभव. आज नाव घेतलंय, पण गोड करून सांगायला जीभ वळत नाही. ऐका तर.

एका नाट्य महाविद्यालयाच्या जिन्याखाली एक लांबट खोली होती. तिथे नाटकांचे कपडे टांगलेले असत. राजाचे झगे आणि भिकाऱ्याची लक्तरं एकाच दांडीवर, खांद्याला खांदा लावून. ती खोली सांभाळणारी, कपडे शिवणारी बाई म्हणजे सगळ्यांची मावशी. तिची मुलगी तिथेच दुसऱ्या वर्षाला होती. पोरं तिला टाचणी म्हणत, आणि होतीही तशीच, बारीक आणि टोकदार. टाचणीचे वडील एका थिएटरात दिवे लावताना शिडीवरून पडले, ते तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले. मावशीच्या कमाईत औषधं कशीबशी भागत. शेवटच्या वर्षाची सगळी फी भरणारी शिष्यवृत्ती एकच होती. ती मिळाली तर पोरगी शिकणार, नाहीतर घरी बसणार.

त्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीच्या आठवडाभर आधी टाचणीच्या वर्गातला एक देखणा मुलगा खोलीत आला. त्याला सगळे हिरोच म्हणत.

"मावशी, एक जुना कोट हवाय. अगदी गरीब मुलाचा."

"कुठल्या नाटकातला रे?"

"एकट्याचाच प्रवेश आहे, छोटासा. कोपरावर ठिगळ हवं. आणि मावशी, ते बापानं लावलेलं वाटलं पाहिजे. शिवता न येणाऱ्या बापानं."

मावशीचे डोळे चमकले. असं नेमकं मागणारं गिऱ्हाईक रोज कुठे मिळतं? तिनं एक बरा कोट काढला, चहाच्या पाण्यात भिजवला, बाह्यांच्या कडा विटेच्या तुकड्यानं घासल्या, कॉलरला मेण चोळलं. खिसे लोंबावेत म्हणून त्यांत दगड भरून तीन दिवस टांगून ठेवला. मग ठिगळ. ते तिनं डाव्या हातानं लावलं. दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा, टाके कुठे लांब, कुठे आखूड, एका जागी उसवून पुन्हा घातलेले. पूर्ण झाल्यावर तिचाच ऊर भरून आला. देवानं बोटांत एवढी कला घातलीय, असं वाटून तिनं हात जोडले.

आणि स्वतःच्या लेकीसाठी? पडद्याचं उरलेलं निळं कापड होतं, महाविद्यालयाच्या मोठ्या सरांना विचारून घेतलेलं. त्याचा तिनं नवा ड्रेस शिवला, कडक इस्त्री केली.

"आई, मी मदत मागायला चाललेय. लग्नाला नाही."

"म्हणून काय गबाळ्यासारखी जाशील? मागायचं ते ताठ मानेनं माग. आणि हे बघ, रडायचं नाही हं."

"रडायचे पैसे घेते मी," टाचणी हसली. "फुकट नाही रडत."

मुलाखत रंगमंचावरच होती. मोठे सर, एक नटी आणि एक देणगीदार समोर बसले होते. टाचणीनं सगळं चार वाक्यांत सांगितलं. वडील पडले. आई शिवते. फी परवडत नाही. मला शिकायचंय. नटीनं विचारलं, "ड्रेस छान आहे, कुठून घेतलास?" ती म्हणाली, "आईनं शिवलाय." झालं. धन्यवाद म्हणून ती खाली आली.

दोन दिवसांनी फळ्यावर कागद लागला. नाव एकच होतं, हिरोचं. मावशीला वाटलं, असेल बाई त्याचीही अडचण. तेवढ्यात हिरो कोट परत द्यायला आला.

"मावशी, तुमच्या हाताला तोड नाही. कोटानंच काम केलं."

तो गेला तरी मावशीला काही उमजलं नाही. उमज पाडली ती ऑफिसातल्या कारकुनानं.

"काय बोलला पोरगा, मावशी! म्हणे हे ठिगळ माझ्या बाबांनी लावलंय, त्यांना सुई धरता येत नाही. त्या नटीबाईंनी रुमालच काढला डोळ्यांना."

"त्याच्या बाबांचं तर फरशीचं दुकान आहे ना, दोन मजली?"

"कागदावर तोटा आहे," कारकून म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

"आणि माझ्या मुलीच्या कागदावर काय आहे?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "परिस्थिती नीटनेटकी दिसते, असा शेरा आहे."

मावशी कोट घेऊन तडक मोठ्या सरांपुढे उभी राहिली. "सर, हे ठिगळ माझं आहे."

सरांनी कोटाकडे बघितलंही नाही. "ओळखलं होतं मी, मावशी. वीस वर्षं तुमचं काम बघतोय."

"ओळखलंत? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोरानं काम उत्तम केलं. शेवटी आपण इथे शिकवतो काय? तुमची मुलगी अगदीच कोरडं बोलली हो. पोहोचलंच नाही."

"सर, ती खरं बोलत होती."

"तेच तर," सर म्हणाले आणि घंटा वाजली म्हणून वर्गावर निघून गेले.

मावशी खोलीत आली तेव्हा टाचणी आपल्या तालमीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. कोट दिसताच तिनं तो उजेडात धरला. ठिगळावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"हा तू केलास?"

मावशीनं मान हलवली. 

"छान झालाय गं," टाचणी म्हणाली. "अगदी खरं वाटतं."

तिनं कोट हँगरला लावला, राजाच्या झग्याशेजारी, आणि पिशवी उचलली. आता ती एका कापडाच्या दुकानात मीटरपट्टी धरून उभी असते. रोज निळा ड्रेस घालते, कारण मालकाला नीटनेटकी माणसं लागतात. हिरो मात्र नावारूपाला येतोय. तो कोट अजून दांडीवर आहे. मावशीनं ते ठिगळ उसवायला तीनदा कात्री उचलली. हात चालला नाही. स्वतःचं चांगलं काम कुणाला फाडवतं?

देवाला सगळं दिसतं म्हणतात. मुलाखतीला तो त्या तिघांच्या मागच्या खुर्चीवर बसला असेल, तर त्यानं काय शेरा लिहिला हे मला ठाऊक नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: पुढे कधी नाटकाला गेलात, आणि कुणाच्या फाटक्या कोटानं तुमचे डोळे भरून आले, तर रुमाल काढण्याआधी क्षणभर त्या पोरीला आठवा. निळ्या ड्रेसातली, चार वाक्यं बोललेली.