शिडाची पिशवी आणि फर्गस आजोबांचे उत्तर

मित्रांनो, फर्गस आजोबांनी एका पत्राला बरेच महिने उत्तर दिले नव्हते. ते पत्र माझ्याच आतल्या खिशात पडून होते, म्हणून मला ठाऊक.

मी एक जुनी पिशवी आहे. लॉन्सेस्टन शहरातल्या एका बाईने होडीच्या फाटक्या शिडातून मला शिवले. तिथल्या ग्रंथालयातून एकाच नव्या कादंबरीच्या आठ प्रती भरून मी छोट्या विमानाने किंग बेटावर येते. बेटावरच्या वाचनगटातले सगळे तीच कादंबरी वाचतात आणि ग्लेनिसबाईंच्या स्वयंपाकघरात जमून वाद घालतात. मग मी परत जाते, पुढची आणायला.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे माझा पट्टा उसवला. गटातला शेन गायी पाळतो; एक हिवाळा मी त्याच्या गोठ्यात, वासरांच्या बादलीखाली काढला. फर्गस आजोबा मात्र मला उन्हात वाळवत, प्रती पुसून भरत. आवडलेल्या ओळींखाली ते पेन्सिलने पुसट रेघ ओढत आणि परत करताना खोडून टाकत. बैठकीत एक शब्द बोलत नसत. पण त्यांच्या घरी कोणी येत नसे, आणि त्या संध्याकाळींखेरीज ते कोणाकडे जात नसत.

पत्र ग्रंथालयाचे होते. "पुढचे पुस्तक कळवा. न कळवल्यास पिशवी दुसऱ्या गावाला देऊ." निवडीची पाळी आजोबांची होती. दर वेळी ते "तुम्हीच ठरवा" म्हणून सुटत. या वेळी ग्लेनिसबाईंनी बजावले होते, "मौनीबाबाला आता सुटका नाही." आजोबांनी नाव कधीच ठरवले होते. ते लिहायला हात धजत नव्हता.

मी परत जाण्याआधीची शेवटची बैठक आली. कादंबरीत एका बाईचा मुलगा घर सोडून जातो.

"अर्धं पुस्तक नुसता पाऊस," शेन म्हणाला. "माझ्या गायीसुद्धा कंटाळल्या असत्या."

सगळे हसले. आजोबांनी बशी खाली ठेवली.

"पाऊस आत येतो, शेन. ती दार लावतच नाही. मुलगा येईल म्हणून."

किटली शिट्टी वाजवत राहिली. कोणी उठले नाही.

"कुठलं पान?" शेनने पुस्तक ओढले.

"इतकी वर्षं माझे केक खाल्लेस आणि हे सगळं पोटात ठेवलंस?" ग्लेनिसबाई म्हणाल्या.

तेव्हा आजोबांनी माझ्या खिशातून पत्र काढले. "उत्तर दिलं नाही मी. शुक्रवारच्या विमानाने ही पिशवी कायमची जाईल."

"मग लिही की आत्ता," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"मला आवडलेलं तुम्हाला नाही आवडलं तर?"

"तर भांडू. जमतो कशाला मग?"

शेनने गवताच्या गठ्ठ्याची दोरी आणून माझा पट्टा तिथेच बांधून दिला.

मित्रांनो, उसवलेली पिशवी पुन्हा शिवता येते. तुम्ही मला जपा, पण आवडलेले पुस्तक मनात कोंडून ठेवू नका. समोरचा हसेल, हसू द्या. कदाचित तो पान विचारेल.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता. मला खांद्याला अडकवून आजोबा लाल टपालपेटीपाशी थांबले. उत्तराचे पाकीट फटीत अर्धे गेले, तरी बोटे सुटेनात. मागून शेनचा ट्रक गेला. त्याने भोंगा वाजवून हात केला. आजोबांनीही हात वर केला, आणि पाकीट आत पडले.